अंगणातल्या ग्रिलसाठी कोळसा: कोणता, कशासाठी

ग्रिलसाठी विकल्या जाणाऱ्या कोळशाच्या पोत्यावर सर्वांत ठळक अक्षरांत बहुधा लाकडाचे नाव छापलेले असते: ओक, हिकरी, मेस्किट, केब्राचो. नावामागोमाग चवीचे आश्वासन येते, आणि पोत्यावरच्या सगळ्या मजकुरात सर्वांत कमी भरवशाचे तेच असते. हवा जवळजवळ बंद करून लाकूड तापवले की त्याचा कोळसा होतो. या तापण्यात आधी पाणी उडून जाते, मग लाकडातील बहुतेक बाष्पनशील द्रव्ये वायू, डांबर आणि धूर होऊन बाहेर पडतात, आणि १०० किलो लाकडामागे साधारण २० ते ३० किलो कोळसा हाती लागतो. लाकडाच्या धुराला जो वास असतो तो मुख्यतः लाकडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निन या घटकाचे विघटन होऊन तयार होणाऱ्या ग्वायकॉल, सिरिंगॉल यांसारख्या संयुगांचा असतो, आणि नीट भाजलेल्या कोळशातून ती द्रव्ये भट्टीतच निघून गेलेली असतात. त्यामुळे ओकच्या आणि मेस्किटच्या चांगल्या कोळशावर भाजलेले दोन तुकडे केवळ चवीवरून वेगळे ओळखणे फार अवघड आहे. ग्रिलवरच्या पदार्थाची खमंग चव येते ती त्याचा पृष्ठभाग तांबूस भाजला गेल्यामुळे आणि निखाऱ्यांवर ठिबकणारी चरबी व रस जळून त्यांची वाफ पुन्हा पदार्थावर बसल्यामुळे. स्मोकरमध्ये, म्हणजे पदार्थाला धुरी देण्याच्या भट्टीत, चव येते ती निखाऱ्यांवर ठेवलेल्या लाकडाच्या ढलप्यांतून. कोळशाकडून अपेक्षा धरायची ती धगेची. म्हणूनच पुढील तुलनेत चवीला मी जवळजवळ स्थान दिलेले नाही. धग किती चढते, किती वेळ टिकते, हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या हालचालीला किती लवकर प्रतिसाद देते आणि शेवटी राख किती उरते, एवढेच पाहिले आहे.

पहिला प्रकार अखंड लाकडाचा, म्हणजे ओंडके आणि फांद्या जशाच्या तशा भाजून केलेला लोणारी कोळसा. यात कोणताही बंधक (भुकटी चिकटवून धरणारा पदार्थ) किंवा भर घातलेली नसते, राख कमी उरते आणि तुकड्यांच्या वेड्यावाकड्या आकारांमुळे त्यांच्यामधून हवा मुबलक खेळते. झडप उघडली की काही मिनिटांतच निखारे फुलतात आणि झडप मिटली की तितक्याच लवकर मंदावतात. पातळ तुकडे, मासे, भाज्या किंवा भाकरीसारखे झटपट भाजायचे पदार्थ असतील, तर या कोळशाइतके सोयीचे दुसरे काही नाही. मात्र याच चपळपणाची दुसरी बाजू अशी की धग एकसारखी राहत नाही. मुठीएवढा तुकडा, त्याच्या शेजारी बोटाएवढी काडकी आणि त्यांच्या फटीत चुरा, असे मिश्रण पेटले की जाळीचा एक भाग भगभगतो आणि वीतभर अंतरावर हात धरता येईल इतपत ऊब उरते. जाळीवर लक्ष ठेवून पदार्थ हलवत राहणाऱ्याला याचा त्रास होत नाही. ज्याला पदार्थ ठेवून पाहुण्यांशी बोलायला जायचे आहे त्याला होतो.

या प्रकारात दोन पोत्यांमधला फरक अनेकदा दोन जातींमधल्या फरकापेक्षा मोठा असतो, म्हणून पोते उघडल्यावर पारख करणे आवश्यक आहे. थोडा कोळसा जुन्या वर्तमानपत्रावर ओतावा आणि मध्यम आकाराचा एक तुकडा दोन्ही हातांनी मोडून पाहावा. पूर्ण भाजलेला तुकडा कट्कन मोडतो, मोडलेली बाजू काळी आणि किंचित चकाकणारी दिसते आणि लाकडाची वर्तुळे तिच्यावर जशीच्या तशी उमटलेली असतात. अर्धवट भाजलेला तुकडा मोडायला जड जातो, चिवटपणे फाटतो आणि आतून तपकिरी निघतो. असा तुकडा पेटताना पिवळी ज्योत आणि डोळ्यांत झोंबणारा धूर देतो. दोन तुकडे एकमेकांवर हलकेच आपटले तरी कळते, मडक्यावर टिचकी मारून कळावे तसे: चांगल्या कोळशाचा आवाज खणखणीत येतो, कच्च्याचा दबका. याच वेळी पोत्याच्या तळाशी काय साठले आहे तेही पाहावे. वाहतुकीत आदळआपट होऊन झालेला चुरा थोडाफार असणारच, पण तो ओंजळींनी मोजण्याइतका निघाला तर तेवढे पैसे वाया गेले असे समजावे, कारण चुरा निखाऱ्यांच्या फटी बुजवतो आणि हवा कोंडतो. काही पोत्यांत खडे सापडतात. काहींत सरळ कडांचे, खाचा पाडलेले चौकोनी तुकडे दिसतात. ते फळ्यांच्या किंवा लाकडी फरशीच्या कारखान्यातले उरलेले तुकडे असतात. लाकूड कोरे असेल तर त्यात वावगे काही नाही, परंतु रंग, वॉर्निश किंवा वाळवीप्रतिबंधक रसायन लावलेल्या लाकडाची शंका आली, तर त्या कोळशावर अन्न शिजवू नये.

मेस्किटच्या अखंड कोळशाबद्दल एक सूचना द्यायला हवी. तो पेटताना ठिणग्या उडवण्याबद्दल प्रसिद्ध आहे आणि हा लौकिक खरा आहे. कोरड्या गवताजवळ, लाकडी ओट्यावर किंवा लहान मुले आसपास असताना तो वापरू नये. ‘मेस्किटची चव’ म्हणून जे सांगितले जाते त्याचाही काही अंश कोळसा पुरता न भाजल्यामुळे आत उरलेल्या बाष्पनशील द्रव्यांचा असतो. म्हणजे गुण म्हणून विकला जातो तो प्रत्यक्षात भट्टीतला अपुरेपणा असतो. ज्यांना तो वास आवडतो त्यांनी तो जरूर घ्यावा, पण मग धूरही स्वीकारावा लागेल. जंगलतोडीची काळजी असणाऱ्यांनी आफ्रिकेतील नामिबियाचा कोळसा पाहावा, कारण तिथे गवताळ कुरणांवर माजलेली झुडपे कापून त्यांचा कोळसा केला जातो. क्यूबातील मराबू हा कोळसाही अशाच आक्रमक काटेरी झाडाचा आहे. तो घट्ट, जड आणि बराच वेळ टिकणारा असतो.

दुसरा प्रकार ब्रिकेटचा, आणि त्याबद्दल गैरसमज सर्वांत जास्त आहेत. कोळशाची भुकटी स्टार्चसारख्या बंधकात मळून, साच्यात दाबून आणि वाळवून उशीच्या आकाराच्या वड्या केल्या जातात. अमेरिकेत एल्सवर्थ झ्वॉयर यांना अशा ब्रिकेटच्या रचनेचे पेटंट १८९७ मध्ये मिळाले, आणि १९२० च्या दशकात हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने मोटारींसाठी कापलेल्या लाकडाच्या टाकाऊ तुकड्यांपासून ती मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. टाकाऊ भुकटीला आकार देणे हा मूळ हेतू असल्याने ब्रिकेटमध्ये काय काय मिसळायचे हे पूर्णपणे बनवणाऱ्याच्या हाती असते, आणि दर्जातला सगळा फरक तिथेच पडतो. लवकर पेटावे म्हणून सोडियम नायट्रेट, साच्यातून वडी सुटावी म्हणून बोरॅक्स, धग वाढावी म्हणून दगडी कोळसा, राख पांढरी दिसावी म्हणून चुनखडी, असे पदार्थ निरनिराळे उत्पादक घालत आले आहेत. केवळ लाकडी कोळसा आणि वनस्पतिजन्य स्टार्च असलेल्या ब्रिकेटही मिळतात आणि त्या पोत्यावर तसे स्पष्ट लिहिलेले असते. घटकांची यादीच छापलेली नसेल, तर माझ्या मते ते पोते मागे ठेवावे.

अखंड कोळसा ब्रिकेटपेक्षा जास्त तापतो, हे विधान सरसकट खरे मानले जाते. वजनाला वजन धरले तर त्यात तथ्य आहे, कारण ब्रिकेटमध्ये न जळणारा भाग अधिक असतो. पण ग्रिलमध्ये कोळसा आपण वजनाने नव्हे, आकारमानाने भरतो. तीच चिमणी, म्हणजे कोळसा पेटवण्याचे उभे पत्र्याचे नळकांडे, अखंड कोळशाने भरली तर आत पोकळ्या राहतात. ब्रिकेटने भरली तर ती लक्षणीय जड होते आणि एकूण इंधन जास्त बसते. परिणामी एक चिमणीभर ब्रिकेट जाळीवर कमी अवखळ पण अधिक दीर्घ धग देतात, साधारण तासभर टिकेल अशी, तर तेवढ्याच आकारमानाचा अखंड कोळसा आधी जोरात फुलून लवकर ओसरतो. शिवाय प्रत्येक वडी सारखी असल्याने मोजणी जमते: मागच्या वेळी इतक्या वड्यांवर अमुक तापमान मिळाले, तर पुढच्या वेळीही जवळपास तेवढेच मिळते. नवशिक्यासाठी हा गुण फार मोलाचा आहे आणि ‘खरे जाणकार ब्रिकेट वापरत नाहीत’ हा शेरा मला निव्वळ तोरा वाटतो.

ब्रिकेटचा खरा दोष राख हा आहे. युरोपातील ईएन १८६०-२ या मानकानुसार बार्बेक्यूच्या अखंड कोळशात स्थिर कार्बन (बाष्पनशील द्रव्ये आणि राख वगळून उरणारा जळाऊ भाग) किमान ७५ टक्के आणि राख जास्तीत जास्त ८ टक्के असावी लागते. ब्रिकेटसाठी हीच मर्यादा किमान ६० आणि जास्तीत जास्त १८ टक्के आहे. म्हणजे मानकात बसणाऱ्या ब्रिकेटसुद्धा बऱ्याच राखाळ असू शकतात. ३ किलो इंधन जाळले असे धरले, तर ३ टक्के राखेच्या चांगल्या अखंड कोळशामागे ९० ग्रॅम राख उरेल आणि १८ टक्क्यांच्या ब्रिकेटमागे ५४० ग्रॅम. आकडा वजनाचा असला तरी अडचण आकारमानाची होते, कारण राख भुसभुशीत असते. ती तळाच्या जाळीखाली साठत जाते, खालच्या झडपेचे तोंड बुजवते आणि बाहेरून झडप पूर्ण उघडी दिसत असतानाही निखारे गुदमरू लागतात. तासाभराच्या भाजणीत हे जाणवत नाही. आठ-दहा तास धुरी द्यायची असेल तेव्हा मात्र मध्यरात्री तापमान का उतरत चालले आहे याचे उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडते.

त्यामुळे धुरी देण्यासाठी कोळसा निवडताना आपले उपकरण कोणते आहे याचा विचार आधी करावा. मातीच्या किंवा सिरॅमिकच्या जाड भिंतींच्या अंडाकृती कमाडो भट्टीत उष्णता इतकी धरून ठेवली जाते की तापमान राखायला अगदी थोडी हवा पुरते. तिथे तळाची जागा अरुंद असल्याने राखाळ ब्रिकेट चालत नाहीत आणि मोठ्या तुकड्यांचा अखंड कोळसाच योग्य ठरतो. हवा कमी असल्यामुळे त्याचा अवखळपणाही आपोआप आवरला जातो. याउलट पातळ पत्र्याच्या गोल झाकणाच्या ग्रिलमध्ये किंवा उभ्या स्मोकरमध्ये १०५ ते १३५ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात तासन्‌तास राहायचे असेल, तर ब्रिकेट सरस ठरतात. त्या कडेने दोन-दोनच्या रांगेत नागमोडी मांडून एका टोकाला पेटवल्या की आग वडीगणिक पुढे सरकते. न पेटवलेल्या ब्रिकेटच्या ढिगावर थोडे पेटते निखारे ठेवण्याची पद्धत जिम मिनियन यांच्या नावाने ओळखली जाते, आणि तीही एकसारख्या आकाराच्या इंधनावरच नीट चालते. अखंड कोळशाच्या ढिगात आग अशी शिस्तीत सरकत नाही; एखाद्या पोकळीतून उडी मारून ती दोन ठिकाणी भडकते आणि मग तापमान उतरवण्यात अर्धा तास जातो.

या दोन्ही मांडण्यांत न पेटलेले इंधन पदार्थ आत असतानाच पेटत असते, ही बाब ब्रिकेट निवडताना विसरून चालत नाही. पेटवण-द्रव आधीच मुरवलेल्या, काडी लावताच पेटणाऱ्या ब्रिकेट धुरीसाठी सर्वस्वी अयोग्य आहेत, कारण त्यांचा रॉकेलसारखा वास सगळी वेळ पदार्थात उतरत राहतो. साध्या भाजणीतही त्या पूर्ण राखाडी झाल्याशिवाय पदार्थ वर ठेवता येत नाही, म्हणजे वेळ फारसा वाचतही नाही. या प्रकाराबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

धुराची चव हवी असेल तर ती लाकडाच्या मुठीएवढ्या दोन-तीन कोरड्या तुकड्यांतून आणावी, आणि ग्रिलच्या धुराड्यातून निघणारा धूर पाहत राहावे. पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर हवा. दाट पांढरा धूर हे कोंडलेल्या, अर्धवट जळणाऱ्या आगीचे लक्षण असून त्याने पदार्थाला कडवट, काजळीसारखी चव येते.

तिसरा प्रकार अलीकडे बराच दिसू लागला आहे: नारळाच्या करवंटीच्या कोळशाची भुकटी दाबून केलेल्या चौकोनी किंवा षट्‌कोनी, मध्ये आरपार भोक असलेल्या कांड्या. करवंटी मुळातच घट्ट असल्याने हा कोळसा जड, कमी धुराचा आणि ठिणग्या जवळजवळ न उडवणारा असतो, राखही सामान्य ब्रिकेटपेक्षा कमी उरते आणि झाड तोडावे लागत नाही. तो पेटायला वेळ लावतो, झडप उघडली तरी सावकाश प्रतिसाद देतो, पण एकदा लाल झाला की धग फार स्थिर ठेवतो. कोळसा वापरणाऱ्या ज्या घरात एकच पोते ठेवायला जागा आहे, तिथे मी हाच सुचवीन, फक्त एका अटीवर: कांड्या हुक्क्यासाठीच्या बारीक चौकोनी तुकड्यांपैकी नसाव्यात, कारण त्यांच्यात हवा खेळत नाही. लाकडाचा भुसा दाबून मग भाजलेल्या पोकळ कांड्याही याच्याच जवळच्या आहेत, मात्र त्या ओल्या झाल्या की त्यांचे थर सुटू लागतात.

जपानी बिंचोतान या पांढऱ्या कोळशाची गोष्ट वेगळी आहे. उबामे ओक या अतिघट्ट लाकडापासून, विशेषतः वाकायामा भागात, तो केला जातो. भाजणीच्या शेवटी भट्टीत हवा सोडून तापमान सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत चढवतात, रसरशीत कांब बाहेर ओढतात आणि राख, माती व वाळू यांच्या ओलसर मिश्रणाखाली लगेच गाडून विझवतात. त्याच राखेमुळे त्याला पांढुरका रंग येतो. स्थिर कार्बन ९० टक्क्यांच्या वर असतो आणि दोन कांबी एकमेकींवर आपटल्या तर धातूचा आवाज येतो. ज्योत आणि धूर जवळजवळ नसतो, निखारा कित्येक तास टिकतो आणि पंख्याने वारा घातला की धग एकदम उसळते. अरुंद शेगडीत, निखाऱ्यांपासून चार बोटांवर, काडीला टोचलेले छोटे तुकडे भाजण्यासाठी त्याच्या तोडीचा कोळसा नाही. पण तो महाग आहे, गॅसच्या ज्योतीवर किंवा इतर निखाऱ्यांत अर्धा तास आणि त्याहूनही अधिक वेळ ठेवावा तेव्हा पेटतो, आणि एकदम तापवला तर आतील दमटपणामुळे फटाक्यासारखा फुटून तुकडे उडवतो. मोठ्या, उघड्या ग्रिलमध्ये तो घालणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी, कारण जाळी निखाऱ्यांपासून दूर असते आणि त्याची खासियत असलेली जवळून लागणारी तीव्र आच पदार्थापर्यंत पोहोचतच नाही. धुरीसाठी तर तो पूर्णपणे निरुपयोगी आहे.

पेटवण्याबाबत कोणत्याही प्रकाराला चिमणी हाच उत्तम मार्ग आहे. तळाशी कागद किंवा मेणाचा पेटवणगोळा ठेवावा, साधारण १५ ते २० मिनिटे वाट पाहावी आणि वरच्या थरावर राखाडी साय दिसू लागली की निखारे ओतावेत. ते सगळे एका बाजूला रचून दुसरी बाजू मोकळी ठेवली, तर चरबी भडकून ज्योत उठल्यास पदार्थ सरकवायला जागा राहते. चरबी जळून उठणाऱ्या धुरात पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन या गटातील घातक संयुगे असतात, तेव्हा ही ज्योत आवरणे केवळ पदार्थ करपू नये एवढ्यासाठी नसते. कोणताही कोळसा, धूर न देणारा बिंचोतानसुद्धा, जळताना कार्बन मोनॉक्साइड सोडतो. या वायूला रंग नाही आणि वासही नाही, म्हणून ग्रिल घरात, तंबूत किंवा गॅरेजमध्ये नेऊ नये. विझत आलेले निखारेही उबेसाठी आत आणू नयेत.

साठवण करताना पोते जमिनीपासून वर, झाकणाच्या डब्यात ठेवावे, कारण कोळसा हवेतील ओलावा शोषून घेतो आणि दमट कोळसा कितीही चांगला असला तरी रडत-खडत पेटतो. भाजणी संपल्यावर पाणी ओतू नये, त्याने वाफेचा भपकारा येतो आणि सिरॅमिकला तडे जातात. दोन्ही झडपा आणि झाकण बंद करावे. राखेखाली झाकलेला निखारा एक दिवस उलटला तरी जिवंत असू शकतो, म्हणून राख काढायची ती दुसऱ्या दिवशीही पत्र्याच्याच डब्यात काढावी. हवा तोडून विझवलेला अखंड कोळसा पुन्हा सहज पेटतो. त्यातला चुरा झटकून उरलेले तुकडे नव्या कोळशाबरोबर चिमणीत तळाशी घालावेत. अर्धवट जळलेल्या ब्रिकेट मात्र राखेच्या कवचामुळे भुगा होतात, त्या चाळून टाकून द्याव्या लागतात, आणि पोत्याच्या किमतींची तुलना करताना ही तूटही हिशेबात धरावी.